गावतळ्यातला गाळ काढायचाय : किती खोल जायचं?

शिवारकर
नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, खानापूरच्या हद्दीला लागून आमचं गाव. वर तांबडा माळ, खाली भाताची शेतं, मधे तळं. उताऱ्यावर क्षेत्र चार एकर. पूर्वी अक्षय्य तृतीयेपर्यंत गुरांना पाणी पुरायचं, आता शिमग्यालाच तळ दिसतो आणि खालच्या विहिरीही त्याच सुमाराला खाली जातात. यंदा गाळ काढायचं ठरलंय. ट्रॅक्टर गावातलेच, गाळही गावातल्याच शेतांना. प्रश्न एकच, पण त्यावर गावात दोन तट पडलेत: किती खोल खणायचं? एका बाजूचं म्हणणं, मशीन आलंच आहे तर दहा फूट जाऊया. दुसऱ्या बाजूचं, जुना तळ लागला की थांबायचं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर सांगा की.

वळीव
खोली नंतर बघा, आधी दिवस मोजा. रोहिणी २५ मेला लागते आणि आपल्याकडं त्याच्या आधी महिनाभर कधीही वळीव कोसळतो. एक चांगला वळीव झाला की तळ्यात ट्रॅक्टर उतरत नाही. काम चैत्रात आटपायचं.

मुरूम_माती
शिवारकर, तुमच्या गावातल्या दुसऱ्या तटाचं बरोबर आहे. का ते सांगतो.

आपल्या पश्चिम पट्ट्यात वर तांबडी माती, खाली मुरूम आणि जांभा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यात पाणी थांबत नाही. मग तळं पाणी धरतं कसं? शेकडो पावसाळ्यांत बारीक चिकणमाती तळाशी बसत गेली आणि गुरांच्या पायांनी ती दाबली गेली. तो थर म्हणजे तळ्याचं भांडं. वरचा गाळ काढला तर भांडं मोठं होतं. चिकणमातीचा थर फोडला तर भांड्याला भोक पडतं. मग पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं तळं संक्रांतीलाच कोरडं पडतं आणि 'एवढं खणलं तरी पाणी का राहीना' म्हणून लोक पुढच्या वर्षी आणखी खोल खणतात.

म्हणून मशीन आणण्याआधी चाचणीचे खड्डे काढा. चार एकराला सहा-सात तरी हवेत: वरच्या तोंडाला, मधे, दोन्ही बाजूंना आणि बांधाकडं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, हातानं खणायचे. वरचा काळा थर बोट घातलं तर लोण्यासारखा जातो, कुजक्या पाल्याचा वास येतो, मुळ्या सापडतात. हा गाळ, हा काढायचा. त्याखाली राखाडी किंवा पिवळट चिकण लागते. कुदळ मारली की माती कुदळीला चिकटूनच वर येते आणि विळ्यानं ढेकूळ कापलं तर कापलेली बाजू साबणासारखी चकाकते. इथं थांबायचं. त्याच्याखाली खडे टोचायला लागले की मुरूम आला. खड्ड्याच्या भिंतीवर प्रत्येक थर टेपनं मोजून लिहून ठेवा आणि मशीनवाल्याला तोच कागद द्या. चिकणीचा निदान एक हात थर खाली शाबूत राहिला पाहिजे.

पोकलेन_गडी
हे सगळीकडं लागू नाही बघा. काळ्या रानातल्या तळ्यांना खाली वीस-वीस फूट काळी मातीच असते, तिथं दहा फूट खणून काही बिघडत नाही. आणि उथळ तळ्याचं पाणी ऊनच पिऊन टाकतं, हेही विसरू नका. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. माघापासून शंभर दिवस धरले तर दोन फूट गेलंच. दोन-तीन फूट पाण्याचं तळं उन्हाळ्यात कसं टिकणार?

मुरूम_माती
काळ्या रानाबद्दल मान्य. बैलहोंगल, सौंदत्तीकडची जमीन वेगळी. शिवारकरांचं गाव तांबड्या माळाखाली आहे, म्हणून खड्डे काढल्याशिवाय आकडा सांगायचा नाही एवढंच माझं म्हणणं.

वाफेचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर सगळं तळं दहा फूट खणणं हे नाही. जिथं चिकणीचा थर जाड निघेल तिथं एकच डोह करा, तळ्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. बाकी तळं उथळ राहू दे. पाणी आटत आटत डोहात गोळा होतं, उन्हाला पसारा कमी मिळतो आणि गुरांना शेवटपर्यंत पाणी राहतं.

तळ्याकाठची
डोह कुठं करायचा ते म्हशींना विचारा! खरंच सांगते. उन्हाळ्यात म्हशी जिथं पोटापर्यंत रुततात तिथं गाळ खोल, आणि जिथं खूर टेकून उभ्या राहतात तिथं खाली चिकण घट्ट. गुराखी पोरांना घेऊन काठानं एक फेरी मारली तरी निम्मा नकाशा तयार होतो.

आणखी एक. डोहाच्या काठाला उतार ठेवा, उभी कड ठेवू नका. उभ्या कडेवरून वासरं आत पडतात, बाहेर येत नाहीत, आणि पोरं पोहायला जातात तिथं तर फार वाईट प्रकार होतो. एक फूट खोलीला तीन फूट पसरट उतार असा हिशेब धरा. वरच्या तोंडाचं पाणकणीस सगळं उपटू नका, एक पट्टा राहू दे. पाणकोंबडी, टिबुकली त्यातच घरटी करतात, आणि ओढ्याबरोबर येणारा गाळही त्या पट्ट्यात अडतो.

वळीव
ताई, म्हशींची युक्ती एकदम पटली. पोरांना आजच कामाला लावा शिवारकर.

हिशेबनीस
गाळ किती निघणार ते आधी काढा, नाहीतर डिझेलचा अंदाज निम्म्यावर चुकतो.

चार एकर म्हणजे १,७४,२४० चौरस फूट. सरासरी दोन फूट गाळ धरला तर ३,४८,४८० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळपास ३,४८५ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, म्हणजे तेवढ्याच खेपा. वीस ट्रॉल्या आणि दिवसाला प्रत्येकी आठ खेपा धरल्या तर रोज १६० खेपा, काम बावीस दिवसांचं. दहा ट्रॉल्या असतील तर दीड महिना, आणि तेवढ्यात वळीव गाठणार.

पोकलेनची बादली साधारण एक घनमीटरची असते, तीन बादल्यांत ट्रॉली भरते. म्हणजे खोळंबा भरण्याचा नसतो, वाहतुकीचा असतो. तळ्यात उतरायला एक वाट आणि चढायला दुसरी असं ठेवा. एकाच वाटेनं ये-जा असली की भरलेली ट्रॉली चढावर अडकते, मागं दहा उभ्या राहतात आणि मशीनचा तास फुकट जातो.

एवढा गाळ निघाला तर पाणी जास्तीचं किती मावेल? सुमारे एक कोटी लिटर.

शिवारकर
एक कोटी लिटर! ग्रामसभेत हाच आकडा सांगणार. आता गाळाबद्दल विचारतो: एकराला किती ट्रॉल्या टाकायच्या? जो तो जास्त मागतोय.

कुरी_पांभर
एका एकरावर एक इंच थर द्यायला ३६ ट्रॉल्या लागतात. तांबड्या माळाला दोन इंच पुरे, म्हणजे ७२. त्याहून जाड टाकला तर नांगर खालच्या मातीपर्यंत पोचत नाही, दोन थर वेगळेच राहतात आणि वरच्या थराला पावसात पाणी साचतं.

गाळ कुणाला द्यायचा याचाही क्रम लावा. सगळ्यात आधी माळावरची हलकी रानं, जिथं रताळी, भुईमूग, नाचणी करतात. तिथं ओल चार दिवस जास्त टिकली तरी पिकात फरक दिसतो. रताळ्याच्या रानाला मात्र एकच इंच. माती जड झाली की रताळं वाकडंतिकडं वाढतं आणि काढताना मोडतं. भाताच्या खोलगट शेतांना गाळ देऊ नका, ती आधीच चिकणट असतात. पुढं मसूर, वाटाणा करायचा असेल तर त्या जमिनीला हवा लागते, आणखी चिकण घातली तर मसूर पिवळी पडून मर लागते.

टाकायच्या आधी बाटलीची परीक्षा करा. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश गाळ, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, खळखळून हलवून ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसते ती रेती. दोन-तीन तासांत बसते ती पोयटा माती. दुसऱ्या दिवशीपर्यंत हळूहळू बसते ती चिकण. निम्म्याहून जास्त रेती निघाली तर तो गाळ वाहून नेण्याच्या लायकीचा नाही, काठाच्या भरावाला वापरा. तळ्याच्या वरच्या तोंडाला हमखास रेती सापडते, बांधाकडं बारीक गाळ.

ढीग वैशाखाच्या उन्हातच पांगवा. ढेकळं वाळून कडक झाली की पहिल्या वळवात आपोआप विरघळतात. ढीग तसेच ठेवून रोहिणीत कुरीनं पेरायला गेलात तर फणाला ढेकळं लागतात, बी वर राहतं.

येळ्ळूरचा_शेजारी
कुरी_पांभर, भाताच्या शेताबद्दल थोडं वेगळं मत आहे. बासमतीच्या पट्ट्यात, येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या शिवारात, जुनी माणसं पातळ गाळ भाताला देत आली आहेत. सुवासिक भाताला नत्र जास्त झालं की पीक लोळतं. गाळातून अन्नांश सावकाश मिळतात, म्हणून तो त्याला मानवतो.

कुरी_पांभर
पातळ थराला हरकत नाही दादा, अर्धा इंच, तोही तीन-चार वर्षांतून एकदा. मी दोन इंचांबद्दल बोलत होतो. बासमती लोळण्याचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर.

नवखा_शेतकरी
तळाला प्लॅस्टिकचा कागद घातला तर? कृषी भाग्य योजनेतल्या शेततळ्यांना घालतात तसा. मग कितीही खोल गेलं तरी चालेल की.

तळ्याकाठची
नको रे. शेततळं एकट्याचं असतं, त्याला कुंपण असतं. गावतळ्यात रोज शंभर गुरं उतरतात, पहिल्याच आठवड्यात खुरांनी कागद फाटेल. आणि तळ्याचं थोडं पाणी जिरायलाच हवं, खालच्या विहिरी त्याच्यावरच तर आहेत.

पाटकरी
सगळे खोलीवर बोलताहेत, बांधाचं कुणीच काढलं नाही. गाळ काढताना तळं बिघडतं ते दोन ठिकाणी: तळाला आणि बांधाच्या पायथ्याला.

बांधाच्या आतल्या पायथ्यापासून बांधाच्या उंचीच्या तिप्पट अंतर सोडून खणायला सुरुवात करा. बारा फूट उंच बांध असेल तर छत्तीस फूट. पायथ्याशीच गाळ जास्त असतो आणि मशीनवाल्याला तिथूनच भरायचा मोह होतो. पण त्या गाळाचा बांधाला टेका असतो. तो काढला की पहिल्या पावसात बांधाची आतली बाजू दगडी पिचिंगसकट घसरून तळ्यात येते.

मोरीच्या, म्हणजे तळ्यातून पाणी सोडायच्या नळाच्या, भोवती आठ फूट मशीन नको, फावडं आणि पाटीच. जुन्या मोऱ्या दगडी नळाच्या, सांधे चुन्याचे. बादलीचा एक दात लागला तरी सांधा हलतो आणि मग पाणी नळातून न जाता नळाच्या बाहेरून वाट काढतं.

भादव्यात बांधाच्या मागच्या बाजूला पाणी पाझरताना दिसलं तर आधी ते पेल्यात धरून बघा. स्वच्छ असेल तर फार घाबरू नका, लक्ष ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहतेय, त्याच दिवशी हात लावा. मागच्या बाजूनं चिखल थापून भोक बुजवायचं नाही. पाणी दाबलं जातं आणि शेजारी दुसरीकडून फुटतं. त्या जागेवर आधी रेती, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा थर द्यायचा. पाणी निघून जातं, माती अडते. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं मात्र उन्हाळ्यातच खणून, ओली चिकण थराथरानं ठोकून बंद करा.

बांधावर झाडं लावायचा कार्यक्रम कुणी काढला तर नम्रपणे दुसरी जागा दाखवा. जांभूळ, पिंपळ मोठे झाले आणि एखादं वठलं की मुळं कुजून बांधात पोकळ नळ्या राहतात. बांधावर हरळी आणि वाळा. झाडं वरच्या काठाला लावा.

आणि सांडव्याची पायरी वाढवू नका. एक फूट वाढवली की फुकट पाणी मिळालं असं वाटतं. पण बांधाचा माथा आणि भरलेलं पाणी यांत जे तीन-चार फूट अंतर सोडलेलं असतं ते मोठ्या पुरासाठी असतं. आपल्याकडं आषाढात एका रात्रीत जो पाऊस पडतो त्यात बांधावरून पाणी गेलं तर मातीचा बांध तासाभरात वाहून जातो.

सर्व्हेनंबर
कागदपत्रांचं सांगतो. कर्नाटकात ४० हेक्टरपर्यंत भिजवणारी तळी पंचायत राज संस्थांकडं असतात, त्याहून मोठी लघु पाटबंधारे खात्याकडं. तुमचं चार एकरांचं तळं पंचायतीकडंच असणार. ग्रामसभेत ठराव, मग पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) अर्ज. सोबत उतारा, नकाशा, गाळ किती काढणार आणि कुणाच्या शेतात टाकणार याची यादी. खणण्याआधी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. तळ्यात पाणी नसतानाच अतिक्रमण स्पष्ट दिसतं. तळ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ चा राज्याचा कायदा आहे, तळ्यात येणारे ओढे बुजवणंही त्यात मोडतं.

उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, काम घेतलं तर मजुरांची जागा घेणारी यंत्रं चालत नाहीत. म्हणून बांधाचं पिचिंग, ओढ्याची सफाई, मोरीभोवतीचं हातकाम असं त्यात घाला. मशीनचं काम वेगळ्या पैशातून दाखवा, दोन्ही एका कागदावर आणू नका.

अर्ज कानडीत लागतो, तेव्हा हे शब्द लक्षात ठेवा: केरे म्हणजे तळं, एरी म्हणजे बांध, तूबू म्हणजे मोरी, कोडी म्हणजे सांडवा, राजकालुवे म्हणजे तळ्याला पाणी आणणारा ओढा, अच्चुकट्टू म्हणजे खालचं भिजणारं क्षेत्र. अंदाजपत्रकात 'कोडी' लिहिलेलं वाचून तळ्याची कोरडी बाजू समजून सही करणारी मंडळी आहेत.

पाटकरी
हे शब्द जपून ठेवण्यासारखे आहेत. धन्यवाद.

वीट_आणि_कौल
वीटभट्टीवाले गाळ विकत मागतात. दिला तर डिझेल निघेल की.

मुरूम_माती
भट्टीला मऊ गाळ नको असतो, चिकण हवी असते. म्हणजे नेमकं तळ्याचं भांडं. खानापूरकडची चिकण कौलं आणि मातीकामासाठी नावाजलेली, तिला मागणी राहणारच. पण भट्टीची गाडी तळ्यात उतरली की खणण्याची खोली तुमच्या हातात राहत नाही. शिवाय विक्री म्हटली की खाण खात्याची परवानगी आणि रॉयल्टी आली.

मलप्रभाकाठ
थोडं विषयांतर करतो. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते. मार्कंडेय राकसकोपवरून गोकाककडं घटप्रभेला जाते. म्हादई मात्र त्याच खानापूरच्या रानातून निघून गोव्याकडं, पश्चिमेला. एकाच डोंगररांगेवर पडलेलं पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं. या उतारावरचं प्रत्येक गावतळं त्यातलं थोडं पाणी आपल्याकडं ठेवून घेतं, म्हणून हा धागा मला फार जवळचा वाटतो.

गळ_आणि_जाळं
माशांचं कुणी बोलेना म्हणून मी. तळं रिकामं करताना डबक्यात राहिलेले मरळ आणि गावठी मासे मारून संपवू नका. डोहाच्या जागी शेवटपर्यंत पाणी ठेवा, ते पुन्हा तळं भरतात. नवीन बीज सोडायचं तर कटला, रोहू, मृगल. एकराला हजार-दीड हजार बोटुकली, बोटाएवढी झालेली. अगदी बारीक बीज स्वस्त मिळतं पण मरळ ते खाऊन टाकतो. सोडायचं ते पहिला पूर ओसरल्यावर, आणि सांडव्याला जाळी लावून. जाळीत पाला अडकतो, ती पावसात रोज साफ केली नाही तर तिचाच बांध होतो. थाई मांगूर अजिबात नको, त्यावर बंदी आहे आणि तो बाकीचं सगळं खातो.

शिवारकर
मंडळी, सात खड्डे काढून झाले. आकडे देतो.
वरच्या तोंडाचे दोन: गाळ साडेतीन फूट, बाटलीत रेती निम्म्याहून जास्त. खाली चिकण दोन फूट.
मधले दोन: गाळ अडीच फूट, त्याखाली चिकणीचा थर चार फूट तरी जाड आहे, त्याच्याखाली खणलं नाही.
पश्चिमेचा एक: गाळ दीड फूट, चिकण दोन फूट.
बांधाकडचा एक: गाळ तीन फूट, पण तो पायथ्यापासून तीस फुटांवर आहे.
पूर्वेचा एक: गाळ एक फूट आणि लगेच खडे. चिकण नाहीच. सातही खड्ड्यांत संध्याकाळी पाणी भरून ठेवलं होतं. सकाळी सहांत होतं, पूर्वेच्यात तासाभरातच गेलं होतं. तिथं काय करू?

मुरूम_माती
तुमचं तळं तिथूनच गळतंय. फार छान काम केलंत.

पूर्वेच्या बाजूला मशीन लावूच नका. चिकण नसलेली जागा किती आहे ते दहा-दहा पावलांवर छोटे खड्डे घेऊन आखा, चुन्याची रेघ मारा. डोह मधल्या दोन खड्ड्यांच्या जागी करा, तिथं गाळाखाली आणखी दोन फूट गेलात तरी चिकणीचा दोन फूट थर खाली राहतो. ती निघालेली चिकण शेताला देऊ नका, पूर्वेच्या जागेवर आणा. आधी तिथला एक फूट गाळ बाजूला करून खडे उघडे करा. मग चिकण सहा इंच पसरा, पाणी मारा, भातासारखी चिखलणी करा. बैलजोडी उत्तम, नाहीतर पॉवर टिलर. सुकून भेगा पडण्याआधी दुसरा सहा इंचांचा थर, पुन्हा चिखलणी. असे तीन थर. वर बाजूला काढलेला गाळ पसरून झाका, म्हणजे उन्हानं चिकण तडकणार नाही.

पाटकरी
बांधाची उंची किती आहे?

शिवारकर
पायथ्यापासून अकरा फूट.

पाटकरी
मग तेहतीस फूट सोडायचे. तुमचा तो खड्डा तीस फुटांवर आहे, म्हणजे सोडायच्या पट्ट्याच्या आतच. तो तसाच उघडा ठेवू नका. आजच चिकण भरून, थराथरानं पाणी मारून धुमसानं ठोका. आणि तेहतीस फुटांवर बांधाला समांतर चुन्याची रेघ मारा, दर दहा पावलांवर खुंटी. मशीनवाल्याला रेघ पहिल्या दिवशीच दाखवायची, आणि ट्रॉल्यांच्या चाकांनी ती दोन दिवसांत पुसली जाते, तेव्हा रोज सकाळी नव्यानं मारायला एक माणूस नेमा.